निरवानिरव : घरातील वस्तूंची पाठवणी आणि आपले वाङ्मय

घरातली वस्तू घराबाहेर पडते तेव्हा ती कोणत्या क्रियापदाने पडते, यावरून त्या घराची पारख करता येते. मराठीत अशी क्रियापदे पुष्कळ आहेत. वस्तू विकली जाते, गहाण पडते, जप्त होते, वाटणीत जाते, दान दिली जाते, मोडीत निघते. या सर्वांहून निराळे असे एक जुने क्रियापद आपल्या भाषेत आहे, ते म्हणजे निरवणे. निरवणे म्हणजे सोपविणे. परंतु या सोपविण्यात वस्तूबरोबर तिची हकीगत आणि तिची जबाबदारी हीही दुसऱ्याच्या हाती दिली जातात. दूरच्या यात्रेस निघालेला किंवा आयुष्याच्या अखेरीस पोचलेला मनुष्य निरवानिरव करतो, असे आपण म्हणतो. त्या शब्दात हिशेब आहे, माया आहे, आणि मागे राहणाऱ्यांविषयीचा विश्वासही आहे.

प्रस्तुत लेखात आम्हांस एकच गोष्ट मांडावयाची आहे. विक्री, जप्ती, वाटणी आणि त्याग या चार प्रकारांनी घर रिकामे होताना मराठी वाङ्मयाने उत्तम रीतीने पाहिले आहे. निरवानिरव मात्र त्याने क्वचितच पाहिली. आणि आज आपल्या घरांना जिची खरी गरज आहे ती नेमकी हीच आहे.

ही गरज कोठून उत्पन्न झाली हे आमच्या वाचकांस विस्ताराने सांगण्याचे कारण नाही. इंदूर, ग्वाल्हेर, बडोदे, हैदराबाद, बेळगाव अशा ठिकाणी पिढ्यान्‌पिढ्या नांदलेली मराठी घरे आता लहान होत आहेत. मुले नोकरीनिमित्त दूर गेली, वाड्याच्या जागी इमारत उभी राहिली, चौदा माणसांचा स्वयंपाक ज्या चुलीवर होत असे तिच्या जागी दोघा वृद्धांचा चहा होऊ लागला. मग एके दिवशी तीन खोल्यांच्या किंवा दोन खोल्यांच्या घरात जावयाचे ठरते, आणि माळ्यावरून वस्तू खाली उतरू लागतात. पाण्याचा बंब, घंगाळ, पितळी हंडे, कळश्या, पराती, तपेली, शिसवी पेटी, कड्यांचा झोपाळा, जाते, पाटा-वरवंटा, समया, पळी-पंचपात्र, पानाचा डबा आणि त्यातला अडकित्ता. या प्रत्येक वस्तूपुढे घरधनीण क्षणभर थांबते. तिला विचारावयाचे असते की हे कोणाला देऊ; आणि घरातील तरुण मंडळी विचारतात की याचे किती येतील. दोन्ही प्रश्न रास्तच आहेत. पहिल्या प्रश्नाला उत्तर देणारे कोणी नसते म्हणून बहुधा दुसऱ्याच प्रश्नाचे उत्तर मिळते, इतकेच.

'मोडीत काढणे' हा वाक्प्रचार आपण आता माणसांविषयी, संस्थांविषयी आणि मतांविषयीही वापरतो. त्याचे मूळ भांड्यांच्या बाजारात आहे. फुटके वा निरुपयोगी भांडे तांबटाकडे किंवा भांडेवाल्याकडे नेले म्हणजे तो त्याचे वजन करतो आणि मोडीचा भाव देतो. त्या भावात घडणावळ धरलेली नसते. घाट, नक्षी, वय यांना किंमत नसते. धातू तेवढा मोजला जातो. पण जुन्या भांड्यावर आणखीही एक गोष्ट असते, आणि ती कोणत्याच तराजूत उतरत नाही. ती म्हणजे त्यावर घातलेले नाव. ठिपक्या-ठिपक्यांनी कोरलेली ती एक ओळ असते: अमक्याच्या मुंजीप्रीत्यर्थ अमक्या मावशीकडून, अमक्या गावी, अमक्या शके, अमक्या तिथीस. देणारा, घेणारा, प्रसंग आणि काळ हे चारही घटक त्या एका ओळीत येतात. आम्ही तर असे म्हणू की सामान्य मराठी कुटुंबाने स्वतःविषयी लिहिलेले हे सर्वांत लहान आणि पुष्कळदा एकमेव वाङ्मय होय. ते भांडे हैदराबादेत किंवा बडोद्यात मोडीत जाते तेव्हा ते घेणाऱ्याला ती लिपी आपली वाटतेच असे नाही. त्याच्या दृष्टीने तो पृष्ठभागावरचा एक ओरखडा असतो. विकण्यापूर्वी ती ओळ एखाद्या वहीत उतरून घ्यावी असे घरच्या माणसांना सुचत नाही, ही खरी हानी आहे. पितळ काय, ते वितळून पुन्हा पितळच होणार.

आता वाङ्मयाकडे वळू. ज्या संस्कृत परंपरेवर आपले शिक्षण झाले, तिच्यात सर्वस्व सोडण्याची चित्रे भव्य आहेत. रघुवंशाच्या पाचव्या सर्गात विश्वजित यज्ञात सारे देऊन बसलेला रघू दारी आलेल्या कौत्साला मातीच्या पात्रातून अर्घ्य देतो. त्या एका मृण्मय पात्राने कालिदासाने राजवाड्यातल्या सगळ्या सुवर्णपात्रांचे जाणे सूचित केले आहे. बृहदारण्यकात गृहत्यागास निघालेला याज्ञवल्क्य आपल्या दोन्ही पत्नींमध्ये वित्त वाटून देऊ पाहतो, तेव्हा मैत्रेयी त्याला विचारते की या वित्ताने मला अमरत्व मिळणार आहे काय. आपल्या संतपरंपरेतही हाच स्वर आहे. तुकोबांनी भावाला त्याच्या वाट्याची ऋणखते देऊन आपल्या वाट्याची इंद्रायणीत बुडविली, ही कथा महाराष्ट्रात कोणास ठाऊक नाही? ही सारी चित्रे थोर आहेत यात संशय नाही. तथापि त्यांनी आपल्या वाङ्मयीन मनाला एक सवय लाविली. ती अशी की वस्तू सोडताना तिच्याकडे न पाहता सोडणे हीच उच्च वृत्ती होय. वस्तूकडे थांबून पाहिले की तो मोह ठरतो. याज्ञवल्क्याच्या घरात काय काय होते, आणि कात्यायनीने ते कसे सांभाळले, हे विचारावयास कोणी उरले नाही. मैत्रेयीचा प्रश्न आपण पाठ केला. कात्यायनीची यादी आपल्यापर्यंत आलीच नाही. आणि आपल्या घरांतून आज वस्तू काढणारी स्त्री बहुधा कात्यायनी असते.

अर्वाचीन मराठीत या उच्चासनावरून खाली उतरून घराकडे पाहणारे पुस्तक म्हणून 'श्यामची आई' चे नाव प्रथम घ्यावे लागेल. साने गुरुजींनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलेले हे पुस्तक १९३५ साली प्रसिद्ध झाले. त्यातील 'अब्रूचे धिंडवडे' या प्रकरणात कर्जापायी घराच्या जप्तीची दवंडी गावभर पिटली जाते. येथे वस्तू स्वखुशीने जात नाही, ती ओढून नेली जाते. अध्यापकांनी या प्रकरणाकडे पुन्हा एकदा पाहावे अशी आमची विनंती आहे. त्यातील वेदना घर जाण्याची जितकी आहे त्याहून अधिक घराचे जाणे चारचौघांत उच्चारले जाण्याची आहे. जी गोष्ट आई-वडिलांनी चार भिंतींत हलक्या आवाजात बोलावी ती ढोलाच्या आवाजात बोलली गेली. घरगुती वस्तूंच्या विक्रीविषयी आपल्या मध्यमवर्गात आजही जो संकोच आहे, भांडी संध्याकाळी अंधार पडल्यावर बाहेर नेण्याची जी रीत आहे, तिचे मूळ या दवंडीच्या भयात आहे. विकणे म्हणजे बुडणे, असे समीकरण आपल्या मनात बसले. गुरुजींनी त्या भयाचे यथार्थ चित्र काढले. पण त्या पुस्तकाच्या करुणरसात न्हालेल्या वाचकाने त्यातून विकण्याची लाज तेवढी उचलली, हा दोष गुरुजींचा नव्हे.

या लाजेपासून पूर्णपणे मुक्त असे एकच मोठे मराठी पुस्तक आम्हांस दिसते, आणि ते एका स्त्रीने लिहिलेले आहे. लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' १९३४ सालापासून भागशः प्रसिद्ध झाली. नारायण वामन टिळक हे हाताला लागेल ते देऊन टाकणारे, मनात येईल तेव्हा गाव सोडणारे गृहस्थ. १८९५ साली त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारल्यावर तर लक्ष्मीबाईंचा संसार मुळापासूनच उखडला गेला, आणि काही वर्षांनी तो नव्या ठिकाणी, नव्या समाजात पुन्हा मांडावा लागला. एकंदरीत या पुस्तकात संसार जितक्या वेळा मांडला जातो तितक्या वेळा मोडला जातो. असे असूनही वस्तूंच्या नावाने गळा काढणारे एकही पान त्यात नाही. याचे कारण लक्ष्मीबाईंना वस्तूंचे प्रेम नव्हते असे मुळीच नाही. भांडे, धान्य, लुगडे, पैसा यांचा त्यांच्याइतका चोख हिशेब ठेवणारी लेखणी मराठीत दुसरी नाही. त्या वस्तू सांगतात ती माणसाला सांगण्यासाठी. टिळकांनी काय दिले हे सांगताना टिळक कसे होते हे कळते. त्या स्वतः किती चिडल्या आणि मग कशा हसल्या हेही कळते. वडिलांच्या सोवळ्याचे त्यांनी केलेले वर्णन घ्या. बाहेरून आलेले मीठसाखर धुवावयास लावणारा तो मनुष्य आपल्यासमोर उभा राहतो तो त्या धुतलेल्या वस्तूंमुळे. वस्तू गेली, पण तिच्याबरोबर जायची ती हकीगत लक्ष्मीबाईंनी वाचकाच्या हाती सोपविली. आमच्या अर्थाने ही निरवानिरव आहे, आणि मराठीत ती इतक्या सहजतेने पुन्हा क्वचितच साधली.

रंगभूमीने हा विषय स्वातंत्र्योत्तर काळात हाती घेतला, तो वाटणीच्या अंगाने. कुसुमाग्रजांच्या 'नटसम्राट' मध्ये (१९७०) आप्पासाहेब बेलवलकर निवृत्त होताच आपले सर्व काही मुलामुलीला देऊन मोकळे होतात. पुढची शोकांतिका सर्वांस परिचित आहे. या नाटकावर लिहिताना समीक्षक बहुधा 'किंग लिअर' ची तुलना करतात आणि थांबतात. आमच्या मते त्याकडे दुसऱ्या बाजूनेही पाहता येईल. आप्पासाहेबांची चूक औदार्याची आहे असे म्हणतात. आम्हांस ती घाईची वाटते. त्यांनी दिले, पण निरवले नाही. देताना त्यांनी रंगमंचावरच्या राजासारखे दिले, एका आवेशात, एका संवादात. आणि घेणाऱ्यांनी ते कचेरीतल्या कागदासारखे घेतले. ज्या घरात आपण सर्वस्व दिले त्याच घरात त्यांच्यावर चोरीचा आळ यावा, यात नियतीचा क्रूर विनोद आहे तसाच व्यवहाराचा एक धडाही आहे. दिलेल्या वस्तूची गोष्ट घेणाऱ्याच्या मनात उतरली नाही, तर देणारा त्या वस्तूच्या शेजारी परका होतो. नाटककाराने हा धडा शब्दांत सांगितलेला नाही, तो प्रसंगात ठेवला आहे. मात्र भाषेच्या ज्या वैभवावर हे नाटक उभे आहे त्या वैभवात प्रेक्षक इतका गुंतून जातो की घराकडे त्याचे लक्षच राहत नाही, हीही गोष्ट खरी आहे.

महेश एलकुंचवारांच्या 'वाडा चिरेबंदी' (१९८५) मध्ये घराकडे दुर्लक्ष करणे शक्यच नाही. तेथे घर हेच मुख्य पात्र आहे. विदर्भातील धरणगावकर देशपांड्यांचा हा वाडा. तात्याजी वारले आहेत, मुंबईचा मुलगा सुधीर बायकोसह आला आहे, आणि तेराव्याचा खर्च कोठून करावयाचा या प्रश्नाभोवती सारे कुटुंब फिरते आहे. अंगणात ट्रॅक्टर गंजत उभा आहे. आतल्या खोलीतून दादी वेळ विचारीत राहते. शिकण्याची इच्छा असूनही जिला शिकू दिले नाही ती प्रभा घरातच वाळत चालली आहे. आणि या सर्वांच्या मध्ये आहे तो पिढीजात दागिन्यांचा डबा. या डब्यासंबंधीचे दोन प्रसंग मराठी नाटकातील श्रेष्ठ प्रसंगांपैकी होत. पहिल्यात रात्रीच्या वेळी वहिनी ते दागिने अंगावर घालते. आयुष्यभर राबलेली ही बाई काही क्षण त्या वाड्याची खरीखुरी मालकीण होते. प्रेक्षकाला तिच्याविषयी हेवा वाटत नाही की हसू येत नाही, पोटात कालवते. दुसरा प्रसंग घडतो तो पडद्याआड. वहिनीची मुलगी रंजू तोच डबा घेऊन शिकवणीच्या मास्तरबरोबर मुंबईस पळून जाते.

या दोन प्रसंगांचा संबंध लक्षात घेतला पाहिजे. डबा राखला गेला, लपवला गेला, त्यावरून एकमेकांवर संशय घेतले गेले. परंतु त्यातील कोणता दागिना कोणी, कधी, कोणत्या आनंदात किंवा अडचणीत केला हे रंजूला कोणीही सांगितले नव्हते. तिच्यापुरते ते सोने होते आणि सोन्याने तिकीट निघते. ज्या घराने मुलींना पुस्तक दिले नाही आणि दागिन्याची गोष्टही दिली नाही, त्या घरातून मुलगी सोने घेऊन जाते, यात नवल काय? एलकुंचवारांनी कोणालाच दोषी ठरविलेले नाही. जपणे आणि निरवणे यांतील भेद त्यांनी जितक्या निर्ममतेने दाखविला तितका अन्य कोणी दाखविला नाही. जपणारे घर कुलूप लावते. निरवणारे घर कुलूप उघडून समोर बसविते आणि सांगते.

या नाटकाची चर्चा निघाली की अंतोन चेखॉव्हच्या 'चेरी ऑर्चर्ड' ची (१९०४) आठवण होणे स्वाभाविक आहे. तेथेही घर लिलावात जाते. गायेव शंभर वर्षांच्या पुस्तकांच्या कपाटाला उद्देशून भाषण करतो. आणि शेवटी सारे निघून गेल्यावर म्हातारा नोकर फीर्स बंद घरात विसरला जातो. कपाटाला वंदन करणारी माणसे माणसाला विसरतात, एवढ्या एका विसंगतीत चेखॉव्हने आपल्या लाडक्या पात्रांची कठोर परीक्षा घेतली आहे. आम्ही हे उदाहरण येथे आणले ते मराठी नाटकाला कमी लेखण्यासाठी खचितच नव्हे. जुन्या वस्तूंविषयीचा गहिवर आणि माणसांविषयीची आस्था या दोन गोष्टी नेहमीच बरोबर चालतात असे नाही, हे सत्य त्यातून स्पष्ट होते आणि आमच्या पुढच्या मुद्द्यास ते उपयोगी पडते.

तो मुद्दा आमच्या नियतकालिकांतून येणाऱ्या ललित लेखांविषयीचा आहे. जुने घर सोडताना किंवा सोडल्यावर लिहिलेले असे लेख दरवर्षी, विशेषतः दिवाळी अंकांतून, वाचावयास मिळतात. त्यांचा साचा ठरलेला असतो. झोपाळा करकरतो, माजघरात शेणाने सारवलेल्या जमिनीचा वास येतो, आजीच्या फिरकीच्या तांब्यातले पाणी गार असते, अडकित्त्याचा आवाज होतो, आणि अखेरीस लेखकाचे डोळे पाणावतात. या लेखांतील भावना खोटी असते असे आम्ही म्हणत नाही. पण त्यातल्या वस्तू कोणत्याही घरच्या असू शकतात, आणि म्हणून त्या कोणाच्याच नसतात. तो झोपाळा कोणी विकला? केवढ्याला? विकू नये असे कोण म्हणत होते, आणि त्याचे का ऐकले गेले नाही? झोपाळ्याच्या पितळी कड्या कोणाकडे गेल्या आणि फळी कोणाकडे? त्या पैशाचे काय झाले? या प्रश्नांची उत्तरे लेखकाला माहीत असतात. ती तो गाळतो, कारण त्यांत व्यवहार आहे, थोडे भांडण आहे, आणि पुष्कळदा लेखकाचा स्वतःचा हात आहे. नेमके जे गाळले तेच लिहिण्याजोगे होते. ज्या लेखात विक्रीचा हिशेब नाही त्या लेखातील अश्रूंवर वाचकाने विश्वास का ठेवावा?

शिवाय या गहिवरात एक अन्यायही लपलेला असतो. पितळेची भांडी चिंचेने घासणे, दर काही महिन्यांनी कल्हईवाल्याची वाट पाहणे, हंडे उचलणे, जात्यावर पहाटे दळणे, हे सारे कोणी केले? अडकित्त्याच्या आवाजाने पुलकित होणाऱ्या लेखकाने क्वचितच केले असेल. जिने केले तिने स्टेनलेस स्टीलचे भांडे घरात येताच समाधानाचा निःश्वास टाकला आणि पितळ माळ्यावर चढविले. तिला परंपरेची चाड नव्हती असे म्हणणारा मनुष्य कृतघ्न आहे. आज दोन खोल्यांत जावयास निघालेल्या वृद्धेला, वस्तू विकू नका, त्या आपल्या संस्कृतीचा ठेवा आहेत, असा उपदेश करणाऱ्या मंडळींनीही आधी स्वतःच्या घरात एक बंब नेऊन ठेवावा. वस्तू विकणे हे पाप नाही. पुष्कळदा ते शहाणपण असते आणि कधी कधी तो सुटकेचा आनंदही असतो. आमचा आक्षेप आहे तो मुक्याने विकण्याला.

वस्तू गेली तरी तिची वाणी राखता येते याला आपल्याच भाषेत मोठा पुरावा आहे. पिठाची गिरणी आली आणि जाते थांबले. जात्याबरोबर ओवीही संपावयाची. पण साने गुरुजींनी 'स्त्री जीवन' मध्ये ओव्या संकलित केल्या, आणि पुढे हेमा राईरकर व गी पॉइत्वाँ यांनी सहकाऱ्यांसह खेडोपाडी हिंडून एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. आज कोणाच्या घरी जाते नसेना का, जात्यावर बसून त्या बाईने आपल्या भावाला, विठोबाला आणि सासूला काय म्हटले हे आपल्याला कळू शकते. इतिहासाच्या क्षेत्रातही हेच घडले. विश्वनाथ काशिनाथ राजवाडे गावोगावच्या वाड्यांतील माळे आणि पेट्या धुंडाळीत फिरले. वाईस सापडलेल्या पत्रांतून १८९८ साली 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' चा पहिला खंड निघाला. ज्या दप्तरांना घरमालक अडगळ समजत होते त्यांतून पानिपतच्या मोहिमेची पत्रे उजेडात आली. राजवाडे दोन पिढ्या उशिरा जन्मते तर ती रद्दीच्या भावाने गेली असती.

वस्तूंच्या बाबतीत असेच वेड एका कवीने घेतले. दिनकर गंगाधर केळकर (१८९६–१९९०) हे 'अज्ञातवासी' या नावाने कविता लिहीत. ग्वाल्हेरचे राजकवी भा. रा. तांबे यांच्या कवितेचा दुसरा भाग १९२७ साली रसिकांपुढे आणला तो त्यांनीच. १९२० च्या सुमारास त्यांनी जुन्या घरगुती वस्तू जमविण्यास प्रारंभ केला, आणि अडकित्ते, दिवे, दौती, फण्या, पाय घासण्याच्या वज्री, कुलुपे, भांडी अशा सुमारे वीस हजार वस्तूंचा संग्रह उभा राहिला. बालवयात निवर्तलेल्या आपल्या राजा नावाच्या मुलाचे नाव त्यांनी त्या संग्रहालयास दिले आणि १९७५ साली ते शासनाच्या स्वाधीन केले. पुण्यात जाणाऱ्या प्रत्येक अध्यापकाने ते पाहिले असेल. एका पुसल्या गेलेल्या नावाच्या जागी हजारो घरांच्या वस्तू ठेवणारा हा पिता आणि कवितांची टिपणे सांभाळणारा तो संपादक एकच होते, हे लक्षात घेतले म्हणजे संग्रह हीही एक वाङ्मयीन कृती वाटू लागते. तरीही संग्रहालयाच्या दालनात उभे राहिल्यावर एक उणीव जाणवतेच. अडकित्त्याचा घाट दिसतो, काळ कळतो. परंतु तो कोणाच्या पानाच्या डब्यात होता, आणि कोणत्या अडचणीच्या दिवशी तो घराबाहेर पडला, हे कळत नाही. हा दोष संग्राहकाचा नव्हे. वस्तू त्याच्या हाती येण्यापूर्वीच मुकी झालेली होती. तिला मुकी करणारे आपण, विकणारे, होतो.

येथे आमच्या अकादमीचा आणि तिच्या सभासदांचा संबंध येतो. महाराष्ट्राबाहेरील मराठी घर लहान होते तेव्हा भांड्यांना निदान मोडीचा भाव तरी मिळतो. फडताळातील मराठी पुस्तकांना तोही मिळत नाही, कारण शेजारी ती वाचणारे कोणी नाही आणि नातवंडांचे शिक्षण दुसऱ्या भाषेत झालेले असते. त्याच फडताळात आजीची पाककृतींची वही असते, आजोबांची रोजनिशी असते, नाट्यमंडळाच्या तालमीची नक्कल असते, मोडीतले एखादे वाटणीपत्र असते, आणि लग्नात आलेल्या आहेराची यादी असते. ही शेवटची यादी तर आमच्या दृष्टीने अमोल आहे; एका कुटुंबाचा सारा गोतावळा, त्यांची गावे आणि त्यांची ऐपत तीत नोंदलेली असते. हे सर्व किलोच्या भावाने जाते. शंभर वर्षांहून जुन्या वस्तूंना आणि पंचाहत्तर वर्षांहून जुन्या, ऐतिहासिक वा वाङ्मयीन महत्त्वाच्या हस्तलिखितांना १९७२ च्या पुरावस्तू कायद्याने पुरावस्तू मानले आहे व त्यांच्या परदेशी निर्यातीवर निर्बंध घातले आहेत. पण परदेशी जाणाऱ्या मूर्तीला कायदा अडवील. गल्लीच्या टोकाला रद्दीच्या दुकानात जाणाऱ्या वहीला कोण अडविणार?

आमची सूचना साधी आहे. अकादमीने प्रत्येकाच्या घरातील हंडे गोळा करू नयेत. तिच्यापाशी तेवढी जागा नाही आणि ते तिचे कामही नाही. तिच्या सभासद अध्यापकांनी आपल्या विद्यार्थ्यांना एक काम द्यावे. घरातून वस्तू जाणार असेल त्या दिवशी घरातील सर्वांत वयोवृद्ध माणसाजवळ बसावे आणि पाच गोष्टी लिहून घ्याव्यात: वस्तूचे घरात चालणारे नाव, ती कोणी व कधी आणली, तिचा उपयोग काय होता, तिच्यावर कोरलेला मजकूर असल्यास तो जसाच्या तसा, आणि ती आता कोणाकडे व कशी जात आहे. किंमत आली असल्यास तीही लिहावी, लाजू नये. अशा नोंदींची एक वही प्रत्येक केंद्रात झाली तर दहा वर्षांत बृहन्महाराष्ट्रातील मराठी संसाराचे असे एक साधन तयार होईल की ज्यावाचून पुढील कादंबरीकाराचे आणि कोशकाराचे चालणार नाही. कित्येक शब्द केवळ वस्तूंच्या आधाराने जगत असतात. रोवळी गेली की 'रोवळी' हा शब्द जातो. निदान जाताना तो लिहून तरी ठेवावा.

समीक्षेच्या लेखात अशी व्यावहारिक सूचना करणे काहींना अप्रस्तुत वाटेल. आम्हांस तसे वाटत नाही. वाङ्मयाची उणीव दाखविणाऱ्याने ती कोठून भरून निघेल हेही सांगावे. लक्ष्मीबाईंनी 'स्मृतिचित्रे' लिहिली ती कोणत्याही वाङ्मयीन सिद्धांताच्या बळावर नव्हे. वस्तूचे नाव, तिचा हिशेब आणि तिच्याभोवतीचे माणूस या तीन गोष्टी त्यांच्या जिभेवर एकत्र होत्या म्हणून. आपल्या घरांतून त्या तीन गोष्टी आता वेगळ्या होऊ लागल्या आहेत. वस्तू बाजारात जाते, नाव विस्मृतीत जाते, आणि माणूस दोन खोल्यांच्या नव्या घरात खिडकीपाशी बसून राहते. त्या माणसाजवळ जाऊन बसणे हे आपल्या हाती आहे. घंगाळ कोणी का नेईना. त्यात पहिले पाणी कोणी घातले, एवढे त्या माणसाने आपल्याला निरवून द्यावे आणि आपण ते घ्यावे.